शोकेसमधलं शास्त्र

बाबांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मी गावाहून पुण्याला आणलं ते एका जुन्या टॉवेलात गुंडाळून. काळं कव्हर, मूळच्या लाल आणि आता विटकरी झालेल्या कडा. उत्पत्तीची पहिली दोन पानं सुटली होती, ती बाबांनी गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवलेली. स्तोत्रांच्या पानांवर हळदीचे डाग, कारण आजी चुलीपुढं बसून पाठांतर करायची. शेवटच्या कोऱ्या पानावर घरातल्या सगळ्यांची नावं होती. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. शेवटची नोंद माझ्या भावाच्या धाकट्या मुलीच्या जन्माची, बाबांच्या थरथरत्या अक्षरातली. बाबांच्या स्वतःच्या मृत्यूची नोंद मात्र कुणी केली नव्हती.

पुण्याच्या घरी मी ते हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवलं. खाली आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल, शेजारी बाबांचा चष्मा. घरी येणारे पाहुणे काचेपाशी थांबायचे. "केवढं जुनं आहे! जपून ठेवा हं," म्हणायचे. मी जपलंही. दर शनिवारी काच पुसायचे, पावसाळ्यात कपाटात कापूर ठेवायचे. तीन वर्षं ते तिथं होतं आणि त्या तीन वर्षांत मी ते एकदाही उघडलं नाही.

वचन मी वाचत नव्हते असं नाही. फोनवर रोज सकाळी एक वचन यायचं. मागं उगवता सूर्य, नाहीतर गुलाबाचं फूल. ते वाचून मी 'आमेन' लिहायचे आणि गॅसवर चहा ठेवायचे. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेब वाचायचे तो भाग ऐकायचे. यालाच मी इतकी वर्षं शास्त्र वाचणं म्हणत आले.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं आणि पुढं त्याचे धागे खेड्यापाड्यांत पसरले. आमच्या पणजोबांपर्यंत तो धागा आला तेव्हा ते गावकुसाबाहेर राहत होते. ज्यांच्या सावलीचा विटाळ व्हायचा, ज्यांनी अक्षराकडं बघायचं नाही असं शतकानुशतकं ठरलेलं होतं, त्यांच्या हातात कुणीतरी एक ग्रंथ दिला. हा तुझ्यासाठी आहे, वाच, म्हणून सांगितलं. आपल्या घराण्यात विश्वास कसा आला हे सांगताना बाबा नेहमी इथंच थांबायचे. चमत्काराची किंवा स्वप्नाची गोष्ट त्यांच्याकडं नव्हती. ते म्हणायचे, "आपल्याला आधी पुस्तक मिळालं, मग जमीन मिळाली, मग नोकरी मिळाली. क्रम विसरू नका."

आजी वयाची तिशी ओलांडल्यावर वाचायला शिकली, ती योहानाच्या शुभवर्तमानावर बोट ठेवून. तिचं बोट शेवटपर्यंत सुटलं नाही. संध्याकाळी दिवे लागले की प्रार्थना व्हायची. बाबा शाळेतून येऊन हातपाय धुऊन बसायचे, कोनाड्यातून शास्त्र काढायचे आणि एक अध्याय वाचायचे. उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकातलं एखादं पद आई म्हणायची. मग आजीचा प्रश्न यायचा. अध्याय कुठलाही असो, प्रश्न ठरलेला: "बरं, मग उद्या काय करायचं?"

लहानपणी आम्हाला या प्रश्नाचा कंटाळा यायचा. वंशावळीचा अध्याय वाचल्यावर उद्या काय करणार? पण आजीला उत्तर लागायचंच. एकदा शास्त्रातल्या लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय झाला. त्यात सांगितलंय की शेताची कापणी करताना कडेकोपऱ्यातलं सगळं कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. शास्त्रातली गरीब विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली ती याच नियमाच्या आधारानं. आमचं शेत म्हणजे जेमतेम दोन एकर कोरडवाहू. त्या वर्षी भुईमूग काढताना आजीनं बांधाकडच्या चार ओळी तशाच ठेवायला लावल्या. आई थोडी कुरकुरली. आजी म्हणाली, "वाचलं ना काल? मग?" दुसऱ्या दिवशी दोन बाया पोरं घेऊन आल्या आणि शेंगा वेचून गेल्या. पुढं आजी होती तोवर दरवर्षी त्या ओळी राहिल्या.

माझं सगळं शिक्षण झालं, नोकरी झाली, पुण्यात घर झालं. आजीचा प्रश्न मात्र गावच्या घरातच राहून गेला.

आमच्या मंडळीत महिलांचा शास्त्राभ्यास असतो, दर गुरुवारी दुपारी. त्यात एकदा माझी पाळी आली आणि मला मिळाला दुसऱ्या राजांच्या पुस्तकातला बाविसावा अध्याय, योशीया राजाचा. मी निर्धास्त होते. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट मी किती वर्षं सांगत आले होते. आठ वर्षांचा मुलगा राजा होतो, मुलांना ती फार आवडते.

तयारीसाठी अध्याय उघडला आणि वेगळंच दिसलं. योशीयाच्या कारकिर्दीचं अठरावं वर्ष, म्हणजे इसवी सनापूर्वी ६२२ च्या सुमाराचा काळ. राजा सव्वीस वर्षांचा झालाय. यरुशलेमातल्या मंदिराची डागडुजी चालू आहे. सुतार, गवंडी, लाकूड, चिरे, पैसे. त्या गडबडीत मुख्य याजक हिल्कीया शाफान चिटणिसाला म्हणतो, परमेश्वराच्या मंदिरात मला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडलाय. शाफान राजाकडं जातो आणि आधी पैशांचा हिशेब देतो: अमुक रक्कम निघाली, ती कामावरच्या माणसांना दिली. हे झाल्यावर, जणू सहज आठवलं म्हणून सांगावं तसं तो म्हणतो की हिल्कीया याजकानं मला एक पुस्तक दिलंय.

एक पुस्तक! आणि ते सापडलं कुठं? मंदिरात. शत्रूनं पळवलं नव्हतं. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, खाल्दी फौजा यायला, मंदिर जळायला अजून काही दशकं होती. यज्ञ चालू होते, याजक नेमलेले होते, सण होत होते, वर्गणी गोळा होत होती. या सगळ्याच्या मधोमध देवाचं वचन हरवलेलं होतं आणि ते हरवलंय हे कुणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं. राजानं ते ऐकलं आणि आपली वस्त्रं फाडली. मग अर्थ समजून घ्यायला माणसं पाठवली ती हुल्दा नावाच्या एका संदेष्ट्रीकडं, एका बाईकडं. हा तपशीलही माझ्या नजरेतून इतकी वर्षं सुटला होता.

मी खुर्चीत बसून होते. समोर शोकेस होती.

काच सरकवली. कापराच्या वासाखालून एक जुना वास आला, रॉकेलचा, धुराचा, आमच्या घराचा. पानं उलटत गेले तेव्हा कळलं की माझ्या बाबांना मी नीट ओळखतच नव्हते. समासांत बारीक पेन्सिलीच्या खुणा होत्या. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या अखेरीस तारखांची ओळ होती. अकरा तारखा, म्हणजे अकरा वेळा सगळं शास्त्र पुरं. ११८९ अध्याय. रोज तीन-चार अध्याय वाचले तर वर्षात होतात. बाबांना कधी दोन वर्षं लागली होती, कधी पाच. आई गेली त्या वर्षांत मोठी फट होती.

तारखांपेक्षाही मला थांबवलं ते प्रश्नचिन्हांनी. शास्ते पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय, एका स्त्रीवर झालेल्या भयंकर अत्याचाराचा, त्याच्या समासात एक मोठं प्रश्नचिन्ह. एकशे सदतिसाव्या स्तोत्राच्या शेवटी, जिथं शत्रूची बाळं खडकावर आपटण्याची भाषा येते, तिथं दोन. संध्याकाळच्या प्रार्थनेत शांत आवाजात वाचणारा माझा बाप देवाच्या वचनात प्रश्नचिन्हं करत होता, आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच अध्याय वाचत होता. स्तोत्राच्या त्या प्रश्नचिन्हाखाली वेगळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, बहुधा काही वर्षांनी: "देवासमोर राग बोलून दाखवला. हातानं केला नाही." हे उत्तर पुरेसं आहे की नाही, मला ठरवता येत नाही. पण श्रद्धेनं वाचणं म्हणजे डोळे मिटून वाचणं नव्हे, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा त्या पेन्सिलीनं जास्त शिकवलं.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाशी तर मी लाजलेच. त्यातलं अकरावं वचन आपल्याकडं घरोघरी कॅलेंडरवर असतं: तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. मुलाची परीक्षा, मुलीचं लग्न, व्हिसा, ऑपरेशन, सगळ्याला मी हे वचन पाठवत आले. बाबांनी त्याच्या वरच्या, दहाव्या वचनाखाली रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, "७० वर्षं!" ते आहे एक पत्र, बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेलं. खोटे संदेष्टे त्यांना सांगत होते की लवकरच घरी जाल. यिर्मया लिहितो, नाही, सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला धरून नेलंय त्या शहराचं हित चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परतीची वाट दिसणार नव्हती. ते मरणार होते त्या परक्या शहरातच. 'हिताचे संकल्प' हे त्यांना सांगितलंय. हे कळल्यावर वचनाचा धीर कमी होत नाही, उलट वाढतो. कॅन्सरच्या वॉर्डात बसलेल्या मैत्रिणीला आता मी तेच वचन वाचून दाखवते, पण सबंध पत्रासह, आणि ती ऐकते.

वचनांचे आकडे मुळात लेखकांनी घातलेलेच नाहीत. अध्यायांची सध्याची विभागणी तेराव्या शतकातली, आणि आज वापरतो ते नव्या करारातले वचनांचे आकडे १५५१ सालचे, रॉबर्ट एस्तिएन नावाच्या छापखानेवाल्यानं घातलेले. शोधायला सोयीचं म्हणून. आपण त्या सोयीचे तुकडे केले. येशूचा प्रेषित पौल यानं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र सगळं मिळून पंचवीस वचनांचं आहे, पोस्टातून आलेल्या पत्रासारखं एका बैठकीत वाचून होतं. अनेसिम नावाचा दास पळालाय, त्याला परत पाठवताना पौल मालकाला म्हणतो की आता याला दासासारखा नाही, प्रिय बंधूसारखा स्वीकार. एखाद्या मालकाला हे पत्र किती जड गेलं असेल, ते सबंध वाचल्याशिवाय कळत नाही.

जड जातं म्हणूनच ते कापलंही गेलं. १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापलं, ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक भाग म्हणून. मोशेनं मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, केलेल्या सुटकेची कथा त्यातून गायब होती. गलतीकरांच्या पत्रातलं 'दास व स्वतंत्र हा भेदच नाही' हे वचनही. मालकांना आज्ञापालनाची वचनं हवी होती, सुटकेची नको होती. एखाद्या ग्रंथाच्या ताकदीचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही. तो सगळा वाचला तर माणसं मोकळी होतील, ही भीती ज्यांनी कात्री चालवली त्यांना होती.

आपणही कापतो. एका नात्यातल्या मुलीच्या लग्नाची बोलणी होती. दोन्ही घरं ख्रिस्ती, चहाच्या आधी प्रार्थना झाली, छान झाली. आणि मग पलीकडच्या वडीलधाऱ्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही मूळचे कोण?" खोलीतल्या प्रत्येकाला गलतीकरांच्या तिसऱ्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन पाठ होतं. मुलीच्या काकांनी ते म्हणून दाखवलं असतं तर काय झालं असतं? ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. ते स्थळ पुढं गेलं नाही, आणि माझं ते गप्प बसणं मला अजून बोचतं.

म्हणूनच पंडिता रमाबाईंकडं मी पुन्हा पुन्हा जाते. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव लागतं. त्यांचं मुक्ती मिशन तिथलं. संस्कृत पांडित्यासाठी कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेली ही बाई. सिल्चरला नवऱ्याच्या पुस्तकांत तिला बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं, ती तिची पहिली ओळख. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. तिथं फुलहॅमला, समाजानं टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींचं काम बघून तिनं विचारलं की हे तुम्ही का करता? उत्तरादाखल एका भगिनीनं तिला शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली, योहानाच्या चौथ्या अध्यायातली. विहिरीवरची ती बाई, पाच नवऱ्यांची, आणि तिच्याकडं पाणी मागणारा येशू. भारतातल्या विधवांची दशा हिंडून पाहिलेल्या रमाबाईंना ते ऐकून काय वाटलं असेल!

तरीही पुढं त्यांनी स्वतःच लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. शास्त्रं कोळून प्यायलेली बाई हे कबूल करते. या वाक्यानं मला अनेकदा गुडघ्यांवर आणलंय.

आणि मग त्यांचं भाषांतर. मराठीत बायबल तेव्हा होतंच. विल्यम कॅरींनी बंगालमधल्या श्रीरामपूरहून मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं ते १८०५ मध्ये, नवा करार १८११ मध्ये. पण रमाबाईंसमोर होत्या दुष्काळातून उचलून आणलेल्या, नुकत्या अक्षरं गिरवायला लागलेल्या मुली आणि बाया. त्यांना कळेल असं साधं मराठी हवं होतं. म्हणून पंचेचाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि जवळजवळ अठरा वर्षं हे काम केलं. मुक्तीतल्या स्त्रियांनीच खिळे जुळवले, छपाई केली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, त्यांची एकुलती एक मुलगी, कामातला उजवा हात. प्रुफं तपासणं थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं. छापलेलं सबंध पुस्तक १९२४ मध्ये आलं.

महिला मंडळाबरोबर केडगावला गेले होते तेव्हा मी मनात एकच चित्र धरून हिंडत होते. कुणीतरी तेरा-चौदा वर्षांची मुलगी, एकेकाळी रस्त्यावर उपाशी पडलेली, शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवतेय. उलटी अक्षरं वाचतेय. तिच्यासाठी शास्त्राचा अभ्यास आणि शास्त्राप्रमाणं जगणं या दोन गोष्टी नव्हत्याच. तिला जेवू घातलं ते वचनामुळं, आणि जेवून उठलेल्या हातांनी ती वचन छापत होती. शास्त्रातल्या एज्रा शास्त्र्याबद्दल लिहिलंय की त्यानं नियमशास्त्राचा अभ्यास करण्याकडं, ते पाळण्याकडं आणि ते शिकवण्याकडं मन लावलं होतं. याच क्रमानं.

नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी माणसानं नवा करार दिला, वाचा म्हणाला. डोंगरावरील प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ ला बाप्तिस्मा. घर तुटलं, पत्नी लक्ष्मीबाई दूर राहिल्या, आणि पुढं त्याही याच वाटेवर आल्या. मीही तेच प्रवचन वाचत आलेय, मत्तयाचे तीन अध्याय, पाच, सहा आणि सात. मोठ्यानं वाचायला अर्धा तास पुरतो. माझं मात्र त्यानं काही तुटलं नव्हतं.

आता भावाचं सांगते.

बाबा गेल्यावर पंधरा दिवसांत मी घराच्या हिश्श्याची गोष्ट काढली, तीही फोनवर. कायदा माझ्या बाजूनं होता. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ख्रिस्ती बापाच्या मिळकतीत मुलगा-मुलगी सारखेच. पण गावात मुली हक्क सोडून देतात, ती रीत. भाऊ काही बोलला नाही, आणि ते न बोलणं मला नकारासारखं वाटलं. त्या रात्री मी त्याला शास्त्रातल्या गणना पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय पाठवला. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप मेला, भाऊ नाही. त्या दर्शनमंडपाच्या दारात मोशेसमोर, याजकासमोर, सबंध मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाच्या भाऊबंदांबरोबर आम्हाला वतन द्या. परमेश्वरानं मोशेला सांगितलं, या मुली म्हणतात ते ठीक आहे. खाली मी लिहिलं, "देवाचं वचन आहे. वाच." तीन वर्षं आम्ही बोललो नाही.

त्या पाच बहिणींचा मला अभिमान आहे आणि राहील. स्वतःच्या वाट्यासाठी उभं राहणाऱ्या प्रत्येक मुलीला मी तो अध्याय वाचायला सांगेन. पण बाबांचं शास्त्र क्रमानं वाचत गेले तेव्हा मी गणनाच्या शेवटच्या, छत्तिसाव्या अध्यायापाशी आले. तिथं त्याच मुलींचे भाऊबंद आपली काळजी घेऊन मोशेकडं येतात. आमच्या वंशाचं वतन परक्या वंशात जाईल, त्याचं काय? आणि त्यांनाही उत्तर मिळतं की योसेफाच्या वंशाचं म्हणणं ठीक आहे. दोघांचंही ठीक. मी सत्ताविसाव्यावर पुस्तक मिटलं होतं. मला हवं ते मिळालं होतं.

मग ती शनिवारची रात्र. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, होतं, म्हणून मत्तय पाच काढला. "तू आपले दान अर्पण करण्यास वेदीजवळ आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे तेथे तुला स्मरण झाले, तर तेथेच वेदीसमोर आपले दान तसेच ठेव." हे वचन मला अर्थातच पाठ होतं. माझ्या डोक्यात त्याचा अर्थ असा पक्का होता की मनात राग असेल तर काढून टाका. मी तो काढला होता. मनोमन भावाला क्षमाही केली होती.

त्या रात्री आजीसारखं बोट ठेवून वाचलं. भावाच्या मनात. तुझ्याविरुद्ध. माझ्या मनात काय आहे हे इथं विचारलेलंच नाही. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे, हा प्रश्न आहे, आणि तो मी तीन वर्षांत स्वतःला विचारला नव्हता. वचन पाठ असणं आणि वाचलेलं असणं यात किती अंतर असतं, ते मला त्या रात्री कळलं. मला वाटतं, अभ्यास म्हणतात तो हाच. ग्रीक-हिब्रू येणाऱ्यांनी ते जरूर करावं, मंडळीला त्यांची गरज आहे. पण कर्ता कोण आणि कर्म कोण, एवढं नीट बघून वाचणं तर प्रत्येकाला जमण्यासारखं आहे.

रविवारी भाकर आणि प्याला समोर आला तेव्हा मी घेतला नाही. बाहेर पडताना पाळकसाहेबांना एवढंच म्हटलं, "गावाला जाऊन येते." त्यांनी काही विचारलं नाही.

वाघोली, शिक्रापूर, शिरूर, सुपा. एसटीत खिडकीशी बसून मी बोलायची वाक्यं जुळवत होते. पिशवीत बाबांचं शास्त्र होतं, कारण रोजचं वाचन त्यातूनच चालू होतं. गावात उतरले तेव्हा ऊन कललं होतं. भाऊ ओट्यावर शेळीला पाला टाकत होता. मला बघून उठला, काही न बोलता आत गेला. भावजय पाणी घेऊन आली. "ताई, उन्हाच्या आलात," म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

मी जुळवलेलं एकही वाक्य बोलले नाही. म्हटलं, "तुझ्या मनात माझ्याबद्दल काय आहे, ते ऐकायला आलेय."

तो बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "घराला मी कधी नाही म्हटलं, ताई? तू विचारलंच नाहीस. वचन पाठवलंस." थोडं थांबून म्हणाला, "घराचं होईल. पण मातीहून आल्यावर संध्याकाळी प्रार्थनेला बसलो तर कोनाडा रिकामा. बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांना दिसत नव्हतं. मी वाचायचो, ते ऐकायचे. खूण ते करायचे, हाताला धरून मी पेन्सिल टेकवून द्यायचो. आमचं वाचन मधेच राहिलं होतं."

मला ते माहीत नव्हतं. दोन वर्षं रोज संध्याकाळी माझा भाऊ हे करत होता आणि मला माहीत नव्हतं. मी पिशवीतून शास्त्र काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. काही बोलता आलं नाही.

त्यानं आधी शेवटचं पान उघडलं. धाकटीनं आतून पेन आणून दिलं. तिच्या नावाखाली त्यानं बाबांचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि शाई वाळेपर्यंत पान धरून बसला.

दिवे लागल्यावर आम्ही सगळे खाली बसलो. बाबांची शेवटची खूण यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायाच्या शेवटी होती, वाकडी, ओळीवरून घसरलेली. भावानं बत्तिसावा काढला. यरुशलेमाला वेढा पडलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो की अनाथोथातलं माझं शेत तू विकत घे, कारण वतनाचा हक्क तुझा आहे. यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो. साक्षीदार बोलावतो. खरेदीखत करतो, त्यावर शिक्का मारतो, आणि ते पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो.

'खरेदीखत' शब्दापाशी भाऊ थांबला. मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग बोट ओळीवर ठेवून पुढं वाचू लागला.